अण्णांचा जिना

मगदूम अण्णा कोणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी जिना पाहून येत. यजमान पाण्याचा तांब्या हातात घेऊन "अवो, बसा की" म्हणत उभा असे, आणि अण्णा चार पायऱ्या चढून, मधेच थांबून, दोन्ही कोपर अंगापासून थोडे दूर धरून सावकाश पुन्हा उतरत. पंख वाळवत उभ्या राहिलेल्या पाणकावळ्यासारखे ते त्या क्षणी दिसत. कोपर भिंतीला टेकले तर ते काहीच बोलत नसत. टेकले नाही, तर खाली येऊन समाधानाने म्हणत, "चांगलं हाय घर." उरलेले घर त्यांनी अजून पाहिलेलेही नसे.

घरांचे नकाशे काढणे आणि ते कार्यालयातून मंजूर करून आणणे हा अण्णांचा व्यवसाय होता. हुपरीच्या पलीकडे, सीमेलगतच्या एका खेड्यातून ते कोल्हापुरात आले, ओव्हरसिअरची पदविका घेतली आणि इथलेच झाले. घरात कानडी, दारात मराठी. माझ्या पत्नीला, सुनंदाला, ते पहिल्या दिवसापासून अक्का म्हणत. मला मात्र अखेरपर्यंत सर. कोणाच्या हातून कप फुटला, बस चुकली, माळ्यावरचा डबा डोक्यावर पडला, तरी अण्णांचे उत्तर एकच असे: "होगली बिडरी." जाऊ द्या, सोडा. आमच्या गल्लीत कानडीचा गंध नसलेल्या माणसांच्याही तोंडी ते दोन शब्द बसले होते. फक्त मापाच्या बाबतीत ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात घडीची लाकडी फूटपट्टी आणि स्कूटरच्या हँडलला अडकवलेला पत्र्याचा डबा. डब्यात फक्की, म्हणजे खेळाची मैदाने आखतात ती चुन्याची पांढरी भुकटी. इतर लोक ती मुठीने ओतत. अण्णा मात्र दोन बोटांच्या चिमटीतून, रांगोळीची रेघ ओढावी तशी सोडत. पायाच्या खुणेसाठी चाळीस फूट लांब रेघ ओढून झाली तरी तिची जाडी कोठे बदललेली नसे.

आमच्या घरावर भाड्याने देण्याजोगे एक स्वतंत्र बिऱ्हाड बांधावे, असे मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यावर आम्ही ठरवले. कळंबा रस्त्याकडच्या आमच्या कॉलनीत अशी बिऱ्हाडे पुष्कळ होती आणि त्यांतली बहुतेक कोणालाही न विचारता उभी राहिलेली होती. गच्चीवर पत्रे टाकावेत, एका कोपऱ्यात मोरी काढावी आणि फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी लावावी, एवढाच तो विधी. शेजारचे म्हणालेही, "सर, कागदाच्या नादाला लागू नका. कोण बघाय येतंय वर?" तरीही मी रीतसर परवानगी घ्यायचे ठरवले. त्यामागे कायद्याविषयीचा आदर आहे, असे मी सर्वांना सांगत असे. खरे कारण भीती हे होते. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नोटीस, तपासणी, विचारणा असा शब्द वर असलेले पाकीट मी दोन दिवस फोडत नाही. पुढे जे सांगायचे आहे ते नीट कळावे म्हणून निदान एवढे आधीच कबूल करतो.

अण्णा पहिल्यांदा गच्चीवर आले तेव्हा किती खोल्या हव्यात, हे त्यांनी विचारले नाही. "कोण ऱ्हाणार हितं?" असे विचारले.

"अजून कोणी ठरलेलं नाही," मी म्हणालो.

"म्हंजे ती मंडळी अजून आलेली न्हाईत." ते कठड्याला टेकले. "मग त्यांच्या बाजूनं मी बोलणार. तुमच्या बाजूनं बोलाय तुमी हायसाच की."

मला तो विनोद वाटला. मी हसलो. अण्णा हसले नाहीत.

पुढच्या दोन महिन्यांत त्या न आलेल्या माणसांची बाजू त्यांनी इतक्या चिकाटीने लढवली की कधी कधी मला वाटे, आपल्या गच्चीवर कोणीतरी आधीच राहायला आले आहे. पाण्याचा कॉक मला आमच्या स्वयंपाकघरात हवा होता. अण्णांनी तो बिऱ्हाडाच्या मोरीत दाखवला. "तुमी गावाला गेलासा तर त्यांनी तहानेनं बसायचं व्हय?" पूर्वेची खिडकी मला लहान हवी होती, कारण ती आमच्या अंगणावर उघडत होती. त्यावर त्यांनी मला मंगळवार पेठेतल्या एका गूळ व्यापाऱ्याची हकिगत सांगितली. भाडेकरूला एवढी खिडकी कशाला, असे तो म्हणाला होता. "मी म्हणलं, शेठ, तुमच्या गुदामात जाऊन दार लावून बसा, मी चा पिऊन येतो. बसला बिचारा. मी चा पिलो, पेपर वाचला. परत आलो तर घामानं न्हालेला. म्हणाला, अण्णा, दोन खिडक्या काढा." एवढे सांगून अण्णा माझ्याकडे पाहत राहिले. आमची खिडकी मोठी झाली.

नकाशा कार्यालयात देण्यापूर्वी अण्णा तो गच्चीवर पूर्ण आकारात फक्कीने आखत आणि घरमालकाला त्यात राहायला लावत. ही त्यांची पद्धत सगळ्या कोल्हापुरात प्रसिद्ध होती. आम्हाला मात्र ती त्या सकाळी कळली.

"अक्का, ही सैपाकखोली. उभं ऱ्हावा हितं. चपात्या लाटा."

"कशावर लाटू अण्णा?"

"हवेवर लाटा. आमी काय जेवणार न्हाय."

सुनंदाने आजूबाजूच्या गच्च्यांवर एकवार नजर टाकली आणि पदर खोचून लाटायला सुरुवात केली. अण्णा तिच्या कोपरांकडे पाहत होते. "आता मागं वळून फ्रिज उघडा. थांबा! टाच बघा कुठं गेली." टाच रेघेवर होती. "भिंतीत पाय गेला अक्का. हितं एक वीत वाढवाय पायजे."

मग माझी पाळी. मी पांढऱ्या रेघांमधल्या पलंगावर आडवा झालो, उठलो आणि मोरीकडे निघालो.

"सर, भिंतीतनं गेलासा. माणसानं दारातनं जावं."

शेजारच्या गच्चीवर सांडगे वाळत घालणाऱ्या वहिनींनी हाक दिली, "सर, नाटक बसवालाय काय?"

"व्हय," अण्णा परस्पर म्हणाले, "तिकीट न्हाय. बघा फुकट."

मी ओशाळलो होतो. पण ती दुपार आठवली की वाटते, आमच्या संसारात आम्ही दोघे इतक्या मोकळेपणाने फारच क्वचित हसलो असू.

चहा पिताना मी त्यांना नकाशातल्या नव्या जिन्याबद्दल विचारले. नियमाला पुरेल त्याहून तो रुंद होता, साडेतीन फूट. एवढा कशाला? अण्णांनी बशी खाली ठेवली.

"लगीन झाल्यावर आमी भाड्यानं ऱ्हायलो, वरच्या मजल्यावर. जिना एका माणसाचा. आमची घरवाली पाण्याची कळशी घेऊन चढाय लागली आणि वरनं मालकाचं कुणी आलं, की ती मागं यायची. सगळ्या पायऱ्या. कळशीसकट. थोरली पोटात हुती तेव्हा बी." त्यांनी बशी थोडी बाजूला सारली. "पडली न्हाय कधी. पण दरवेळी मागं तीच आली. मालक वाईट न्हवता, सर. त्येच्या ध्यानातच आलं न्हाय."

पुढे त्यांनी स्वतःचे घर बांधले. ते दोन खोल्यांचे आहे आणि त्याच्या जिन्यावरून बैलगाडी जाईल. वर मजला नाही, नुसती गच्ची आहे. लोक त्यांची थट्टा करत. अण्णांच्या पत्नी मात्र शेवटच्या आजारापर्यंत रोज कपडे वाळत घालायला त्या जिन्याने मधोमध चालत वर जात, असे मी ऐकले आहे.

हे सर्व ऐकलेल्या माणसाने पुढे जे केले, ते मी आता लिहितो.

परवानगी आली. शिक्क्यांचा नकाशा अण्णांनी आमच्या देवघरासमोर ठेवला आणि सुनंदाने त्याला हळदकुंकू लावले. आमचा आतला जिना कायमचा कुलूपबंद करून बिऱ्हाडासाठी घराच्या पूर्वेला बाहेरून नवा जिना घ्यायचा होता. तो उतरत होता त्याच बोळात माझी मोटार उभी राहायची होती. मोटार मी त्याच वर्षी घेतलेली, आयुष्यातली पहिली.

एका शनिवारी अण्णांनी जिन्याच्या भिंतीची रेघ ओढली आणि भरमू गवंड्याला सोमवारी काम सुरू करायला सांगितले. त्याच संध्याकाळी गावाकडून निरोप आला की त्यांचा धाकटा भाऊ अत्यवस्थ आहे. ते तसेच गेले आणि पंधरा दिवस परतले नाहीत.

रविवारी दुपारी मी मोटार बोळात घालून पाहिली. रेघेच्या बाहेर ती मावत होती, पण बाजूचा आरसा मिटवावा लागत होता. मी उतरलो, पुन्हा बसलो, पुन्हा घातली. दरवेळी आरसा मिटवावा लागणार. मग मी झाडू आणला, ती सरळ सुंदर रेघ झाडून टाकली आणि झाडून गोळा केलेल्या फक्कीने एक फूट आत दुसरी ओढली. ती जाड, वेडीवाकडी आली.

सुनंदा दारात उभी होती. "अण्णांना विचारलंत?"

"सांगेन नंतर," मी म्हणालो.

गवंडी नकाशा पाहत नाहीत. कागद कार्यालयाला आणि रेघ गवंड्याला, असा आमच्याकडचा रिवाज आहे. सोमवारी भरमू आला आणि रेघेपाशी घुटमळला. "सर, शनवारी रेघ जरा भाईर हुती न्हवं?"

"अण्णांनीच आत घेतली. जाताना सांगून गेले."

एवढेच. माझा आवाजही बदलला नाही. वर्गात मुलांना मी नकाशाचे प्रमाण शिकवत असे. कागदावरचा एक सेंटिमीटर चुकला तर जमिनीवर किती चुकते, हे फळ्यावर करून दाखवत असे.

अण्णा परतले तेव्हा दाढी वाढलेली होती आणि जिन्याचे काँक्रीट होऊन चार दिवस झाले होते. भावाविषयी आम्ही विचारले, त्यांनी 'गेला' एवढेच म्हणून मान हलवली आणि सवयीने जिन्याकडे गेले. चौथ्या पायरीवर त्यांनी कोपर बाहेर काढले. दोन्हीकडे टेकले. ते तिथेच उभे राहिले. मग खिशातली फूटपट्टी उलगडून त्यांनी माप घेतले, पट्टी पुन्हा घडी करून खिशात ठेवली आणि भरमूला विचारले, "रेघ कुणी मारली?"

"तुमीच की अण्णा," भरमू गोंधळून म्हणाला. "आत घेतलासा म्हणं. सरांनी सांगितलं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत राग असता तर मी कदाचित बोललो असतो. ती नजर नुसती थांबली होती, मुलाखतीत उमेदवाराला उत्तर आठवायला वेळ द्यावा तशी. मी पाटीतल्या वाळूकडे पाहत राहिलो.

"व्हय," अण्णा भरमूला म्हणाले. "माझंच चुकलं. गडबडीत गेलतो."

नंतर त्यांनी जसा बांधला तसा जिना दाखवून सुधारित नकाशा दाखल केला, त्यावर स्वतःची सही केली, आणि बिऱ्हाडाला रीतसर भोगवटा प्रमाणपत्र मिळाले. ते माझ्या हातात देताना म्हणाले, "कायद्यात बसतोय, सर. जेमतेम, पण बसतोय. माणूस बसत न्हाय." मी काहीतरी पुटपुटलो. 'होगली बिडरी' हे शब्द येतील म्हणून मी थांबलो होतो. ते आले नाहीत. वास्तुशांतीला अण्णाही आले नाहीत.

कोडोलीकडचे एक तरुण जोडपे राहायला आले. वैभव औद्योगिक वसाहतीत कामाला, प्राजक्ता एका औषधांच्या दुकानात. त्यांचा पलंग जिन्यातून चढेना. शेवटी दोर बांधून तो गच्चीच्या कठड्यावरून वर ओढला आणि अर्धी गल्ली तो सोहळा पाहायला जमली. भरमूच दोर ओढत होता. कोणीतरी विचारले, "जिना एवढासा कसा काय?" तो वरून ओरडला, "अण्णांनी आखलाय! वय झालं आता, माप चुकालंय!" लोक हसले. मीही तिथेच, पलंगाच्या एका पायाला हात लावून उभा होतो.

त्या दिवसापासून तो 'अण्णांचा जिना' झाला. गॅसची टाकी चढवणारा म्हणे, अण्णांचा जिना आला, जपून. कुरिअरवाल्याला पत्ता सांगताना लोक म्हणत, अण्णांच्या जिन्याचं घर. गवंड्यांच्या नाक्यावर ही गोष्ट भरमूने रंगवून सांगितली असणार. आमच्या मागच्या गल्लीतल्या तीन घरांची कामे अण्णांकडे जायची होती. ती दुसरीकडे गेली. त्यांपैकी एकाने मला विचारलेही होते, "सर, तुमचा अनुभव काय?" मी म्हणालो, "माणूस चांगला आहे." खऱ्या शब्दांनीही खोटे बोलता येते, हे मला तेव्हा नव्याने कळले. पुढच्या वर्षी अण्णांनी आपल्या परवान्याचे नूतनीकरण केले नाही. डोळ्यांमुळे, असे ते सांगत. डोळ्यांमुळेच असेल. मला ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याचा आधार मी दोन वर्षे घेतला.

एका सकाळी पाण्याची टाकी पाहायला मी त्या जिन्याने वर निघालो होतो. प्राजक्ता धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन खाली येत होती. कपडे वाळत घालायची दोरी अंगणात होती. मला पाहताच ती वळलीही नाही. बादली छातीशी धरून मागच्या मागे एक, दोन, तीन पायऱ्या वर गेली आणि हसून म्हणाली, "या की सर, तुम्ही या."

तिचे पाय सरावाने पडले होते. प्रत्येक पायरीची उंची तिच्या टाचांना पाठ होती. म्हणजे हे रोजचे होते. दोन वर्षे ती अशीच मागे जात होती आणि मी पुढे येत होतो, मान हलवून, कधी 'आज सुट्टी का' असे विचारून. मी वर गेलो नाही. खाली उतरलो, चपला घातल्या आणि अण्णांच्या घरी गेलो.

ते त्यांच्या रुंद जिन्याच्या तळाच्या पायरीवर उन्हाला बसले होते. मी उभ्यानेच सगळे सांगितले. आरसा, झाडू, भरमू, पलंग, तीन घरे. मध्येच ते म्हणाले, "बसा की सर." त्या पायरीवर दोघांना पुरून उरेल एवढी जागा होती. मी बसलो.

"मला म्हाईत हाय," अण्णा म्हणाले. "माझी रेघ मला कळत न्हाय व्हय? तुमच्या रेघेची फक्की भिंतीच्या कडंला ऱ्हायलीवती. बोटभर जाड. रंगपंचमी खेळल्यागत."

"मग तुम्ही भरमूसमोर तुमचं नाव का पुढं केलंत?"

"तो अजून दोन महिने तुमच्याकडं काम करणार हुता. मालक खोटा बोलतोय हे गवंड्याला कळलं, की तो बी सिमेंटात खोटा हुतो. घर पडतंय त्यात, सर. वरती माणसं ऱ्हाणार हुती." त्यांनी गुडघा चोळला. "आणि मला वाटलं, मास्तर माणूस हाय. उद्या येऊन सांगंल. मग म्हणलं, आठवड्यानं सांगंल. मग तुमी जिना वापराय लागलासा."

मी म्हणालो, "मला क्षमा करा."  त्यांचे नेहमीचे दोन शब्द त्या दिवशीही आले नाहीत.

"माझ्याकडं कशाला मागालाय?" ते म्हणाले. "मी तुमच्या जिन्यावर ऱ्हातोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवंड्यांच्या नाक्यावर गेलो. चहाच्या गाड्याभोवती सात-आठ जण होते. भरमूला बाजूला बोलवावे, असा मोह झाला. पण अण्णांचे नाव बाजूला नेऊन खराब झालेले नव्हते. मी सर्वांसमोर बोललो. माझा आवाज तसाही लहान आहे. एक-दोघांनी "जरा मोठ्यानं बोला की सर" म्हटले, म्हणून ते मला दोनदा सांगावे लागले.

भरमूने चहाचा ग्लास गाड्यावर ठेवला. "दोन वर्सं मी त्या माणसाला म्हातारा झाला म्हणून बोलत आलोय, सर. जाईल तितं. तुमी माझ्या तोंडानं खोटं बोललासा."

"हो," मी म्हणालो.

मागून कोणीतरी म्हणाले, "मग तो अण्णांचा जिना न्हवंच की! सरांचा जिना!" सगळे मोठ्याने हसले. भरमू हसला नाही. आठवड्याभरात गल्लीत ते नाव रूढ झाले, आणि आजही आहे. मला ते ऐकायची सवय झालेली नाही, आणि होऊ नये असे वाटते.

जिना पाडायचे ठरले. एका तरुण अभियंत्याने अण्णांच्या मूळ नकाशाप्रमाणे कागद दाखल केले. परवानगी आली तेव्हा आमच्या आतल्या जिन्याचे कुलूप उघडले, आणि काम संपेपर्यंत प्राजक्ता व वैभव आमच्या बैठकीतून ये-जा करत राहिले. मोटार रस्त्यावर उभी राहू लागली.

अण्णा वारल्याचा निरोप गेल्या महिन्यात जयसिंगपूरहून, त्यांच्या मुलीकडून आला. मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्या आठवड्यात, जेव्हा जुना जिना पाडून झाला होता आणि नवा अजून सुरू व्हायचा होता. मुलगी त्यांना कायमचे आपल्याकडे न्यायला आली होती. स्टँडकडे जाताना त्यांनी रिक्षा आमच्या फाटकाशी थांबवायला लावली. उतरले तेव्हा एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात तो पत्र्याचा डबा.

भरमू हात पँटला पुसून उभा राहिला. "अण्णा," एवढेच म्हणाला.

"दोरी धर," अण्णा म्हणाले.

ते वाकले. चिमटीतून फक्की सुटू लागली आणि भरमूने आणि मी पाहिले की रेघ नागमोडी येत होती. अण्णांनी ती शेवटपर्यंत ओढली, कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि तिच्याकडे पाहिले.

"वाकडी आली."

"मी दोरीनं सरळ करतो की," भरमू हळूच म्हणाला.

"कर. भिंत दोरीनंच बांध. जागा तेवढी माझी ऱ्हाऊ दे." मग ते माझ्याकडे वळले. "सर, बादली घ्या. तुमी भाडेकरू. मी मालक. मी वरनं उतरालोय."

मी भरमूची पाण्याची बादली उचलली आणि रेघेच्या आतल्या बाजूला एका टोकाशी उभा राहिलो. दुसऱ्या टोकाला अण्णा. मधे सपाट जमीन होती, पण ते एकेक पाऊल पायरी उतरावी तसे जपून टाकत येऊ लागले, आणि नकळत माझेही गुडघे चढावाला उचलले गेले. वर खिडकीत प्राजक्ता उभी होती. आम्ही जवळ आलो तसा मी खांदा वळवला.

"अंग चोरू नगा, सर. सरळ चला."

मी सरळ चाललो. अण्णांनी कोपर बाहेर काढले होते. त्यांचे कोपर आणि माझी बादली यांच्या मधून वीतभर ऊन गेले. कोणी मागे आले नाही, कोणी थांबले नाही. पलीकडच्या टोकाला पोहोचून मी वळलो, तेव्हा अण्णाही वळून पाहत होते.

"चांगला हाय जिना," ते म्हणाले.

सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. अण्णांच्या चपला फक्कीने पांढऱ्या झाल्या होत्या. "अण्णा, थांबा, पाय धुवून देते."

"होगली बिडरी, अक्का," अण्णा म्हणाले, दोन घोट पाणी प्यायले आणि रिक्षाकडे गेले. भरमूने त्यांना हात देऊन बसवले. डबा ते आमच्याकडेच विसरले, किंवा ठेवून गेले.

रिक्षा वळली. आखलेल्या जिन्यापासून फाटकापर्यंत त्यांच्या चपलांचे पांढरे ठसे उमटले होते, आधी ठळक, मग फिकट. सुनंदा सवयीने झाडू घेऊन आली. मी तो तिच्या हातातून घेतला आणि आत नेऊन ठेवला. त्या दिवशी आमचे अंगण कोणी झाडले नाही.